रिफंड कुठे अडकला, ते पासबुक सांगत नाही

आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीत गणपती गेले की लिफ्टमध्ये, जिन्यात, भाजीवाल्याच्या गाडीपाशी एकच प्रश्न ऐकू येतो. "तुमचा आला का?" काय आला, ते कुणी विचारत नाही. टॅक्सचा रिफंड. माझी सगळी नोकरी रबाळ्याला एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये झाली. निवृत्त झाले तरी जून-जुलैत फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा ऑफिसने दिलेला दाखला, घेऊन माणसं दारात येतात, आणि दिवाळीच्या तोंडावर तीच माणसं तोंड बारीक करून पुन्हा येतात.

२०२५ च्या ऑक्टोबरात दुसऱ्या मजल्यावरचे काका असेच आले. हातात पासबुक. जूनच्या शेवटी रिटर्न भरलेलं, १८,४०० रुपये यायचे होते. दर सोमवारी सकाळी बँकेत जाऊन ते मशीनवर पासबुक छापून आणायचे. "पंधरा सोमवार झाले गं," म्हणाले, "आणखी एक केला की उद्यापनच घालतो."

"काका, पोर्टलवर काय लिहिलंय?"

"पोर्टलवर कशाला बघायचं? पैसे बँकेत येणार ना!"

घोळ इथेच होतो. पासबुक एवढंच सांगतं की पैसे आले किंवा नाही आले. का नाही आले, कुठे थांबलेत आणि आता कुणी काय करायचंय, हे तिथे कधीच छापून येत नाही. ते आयकर खात्याच्या पोर्टलवर लिहिलेलं असतं, दोन-चार शब्दांत. ते शब्द नीट वाचले तर कळतं की चेंडू आपल्या कोर्टात आहे की त्यांच्या. त्यांच्याकडे असेल तर वाट बघणं शहाणपणाचं. आपल्याकडे असेल तर आपण वाट बघतोय असं आपल्याला नुसतं वाटत असतं, कारण पलीकडे कुणी काहीच करत नसतं.

काकांचं लॉगिन उघडायला दहा मिनिटं लागली, कारण ओटीपी पुण्याला मुलाच्या मोबाइलवर जात होता. उघडल्यावर दिसलं ते असं: रिटर्न भरलं, ई-व्हेरिफाय झालं, प्रोसेसिंग पूर्ण, आणि शेवटी 'रिफंड फेल्ड'. पैसे ऑगस्टमध्येच निघाले होते. खात्यात जमा न होता परत गेले होते. म्हणजे पंधरापैकी निदान सहा-सात सोमवार काका अशा गाडीची वाट बघत होते जी येऊन, वळून, परत गेलेली होती.

हे पैसे प्रवास कसा करतात

रिफंड म्हणजे सरकारने दिलेलं बक्षीस नव्हे, आपलेच जादा कापले गेलेले पैसे. काकांच्या मुदतठेवींच्या व्याजावर बँकेने दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे हातात पडायच्या आधीच घेतला जाणारा कर, कापला होता. वर्षाचा हिशेब केला तर त्यांना कर लागतच नव्हता, म्हणून कापलेलं सगळं परत. पगारदार माणसाचं असंच होतं, जेव्हा ऑफिसला वेळेवर विम्याच्या पावत्या दिलेल्या नसतात किंवा नोकरी मधेच बदललेली असते.

रिटर्न भरलं की ते ठाण्याच्या किंवा वाशीच्या कार्यालयात जात नाही, थेट बंगळुरूला जातं. तिथे २००९ पासून सेंट्रलाइज्ड प्रोसेसिंग सेंटर आहे, सगळे त्याला सीपीसी म्हणतात. तिथला संगणक आपण लिहिलेले आकडे खात्याकडच्या आकड्यांशी ताडून बघतो. जुळले की कलम १४३(१) खाली एक सूचनापत्र निघतं, त्याला इंटिमेशन म्हणतात. रिफंड मान्य झाला की रक्कम स्टेट बँकेकडे जाते, कारण आयकर खात्याची 'रिफंड बँकर' ती आहे, आणि तिथून आपल्या खात्यात. पूर्वी स्पीड पोस्टने चेक यायचा, पोस्टमनला चहा पाजला जायचा. २०१९ पासून रिफंड फक्त पॅनशी जोडलेल्या बँक खात्यातच जमा होतो.

थोडक्यात पैसे चार जागी थांबू शकतात: आपल्यापाशी, सीपीसीत, स्टेट बँक आणि आपली बँक यांच्या मधे, किंवा ज्याने टीडीएस कापला त्याच्या टेबलावर. ही शेवटची जागा लोकांच्या लक्षातच येत नाही.

बघायचं कुठे, तर पोर्टलवर लॉगिन करून 'ई-फाइल', त्यात 'इन्कम टॅक्स रिटर्न्स', त्यात 'व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स'. त्या-त्या वर्षापुढे 'व्ह्यू डिटेल्स' दाबलं की सगळे टप्पे तारखांसकट खाली उतरतात. लॉगिन नको असेल तर पहिल्याच पानावर 'नो युवर रिफंड स्टेटस' आहे. पॅन, वर्ष, मोबाइल क्रमांक आणि ओटीपी दिला की झालं.

वर्ष निवडताना मात्र हमखास फसगत होते. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या कमाईचं रिटर्न असेल तर तिथे २०२५-२६ निवडायचं. कमाईचं ते आर्थिक वर्ष, आणि तपासणीचं त्याच्या पुढचं ते असेसमेंट वर्ष. चुकीचं वर्ष टाकलं की 'नोंद सापडली नाही' असं येतं आणि माणूस घाबरतो. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या आयकर कायदा २०२५ मध्ये ही दोन नावं काढून एकच 'कर वर्ष' ठेवलंय. हे खरं तर फार आधी व्हायला हवं होतं. आधीच्या वर्षांच्या रिटर्नना मात्र १९६१ चाच कायदा आणि त्याचीच कलमं, म्हणून इथे मी ती जुनी कलमंच सांगतेय.

'पेंडिंग फॉर ई-व्हेरिफिकेशन'

माझा भाचा ऐरोलीला आयटीत आहे. संगणकाशीच लग्न लागलेलं. त्याने एका रात्रीत स्वतःच रिटर्न भरलं आणि घरच्या ग्रुपवर अंगठा टाकला. सप्टेंबरात मला म्हणतो, "मावशी, सगळ्यांचे आले, माझाच नाही." बघितलं तर रिटर्न भरलेलं, पण व्हेरिफाय केलेलंच नाही. म्हणजे अर्ज लिहिला, सही करायची राहिली. सही नसलेला अर्ज सीपीसी हातात घेत नाही, आणि तो किती दिवस पडून आहे याची तिथे कुणाला फिकीर नसते.

१ ऑगस्ट २०२२ पासून यासाठी ३० दिवसांची मुदत आहे, त्याआधी १२० होते. आधारचा ओटीपी, नेटबँकिंग किंवा बँक खात्यातून मिळणारा कोड, काहीही चालतं. मोबाइल आधारला जोडलेला असेल तर दोन मिनिटांचं काम. तीस दिवस उलटल्यावर केलं तर ज्या दिवशी व्हेरिफाय केलं तोच दिवस रिटर्न भरल्याचा धरतात. तो दिवस शेवटच्या तारखेच्या पुढे गेला की उशिरा भरल्याचे सगळे भोग मागे लागतात, पाच हजारांपर्यंतच्या विलंब शुल्कासकट. भाच्याची वेळ वाचली, कारण त्या वर्षी शेवटची तारीख ३१ जुलैवरून आधी १५ आणि मग १६ सप्टेंबरपर्यंत वाढली होती. नशिबाला पण ओटीपी लागतो, असं मी त्याला म्हटलं. हसला नाही.

'अंडर प्रोसेसिंग'

हा शब्द दिसला तर पहिले काही आठवडे शांत बसावं. व्हेरिफिकेशन झालेलं आहे, चेंडू बंगळुरूला आहे. खात्याच्या सांगण्याप्रमाणे रिफंड जमा व्हायला साधारण चार-पाच आठवडे लागतात, आणि साध्या पगारदाराचं रिटर्न कित्येकदा त्याच्या आतच निघतं. पण कायद्याने त्यांना फार मोठी सवड आहे: ज्या आर्थिक वर्षात रिटर्न भरलं ते संपल्यापासून नऊ महिने. सप्टेंबर २०२५ मध्ये भरलेल्या रिटर्नसाठी ती मुदत ३१ डिसेंबर २०२६ ला संपते. म्हणून "तीन महिने झाले, बेकायदेशीर आहे हे" असं म्हणत वागळे इस्टेटच्या आशर आयटी पार्कमधल्या किंवा वाशी स्टेशनच्या इमारतीतल्या आयकर कार्यालयात रिक्षा करून जाण्यात अर्थ नाही. रिटर्न सीपीसीत असेतोवर तिथल्या अधिकाऱ्याच्या हातात काही नसतं. स्टेटसमध्येच 'असेसिंग ऑफिसरकडे पाठवलं' असं लिहून आलं तर गोष्ट वेगळी. मग पोर्टलवर 'नो युवर एओ' मध्ये पॅन टाकून आपला अधिकारी कोण ते बघावं आणि मगच घरातून निघावं.

कंटाळून दुसरं, सुधारित रिटर्न भरून टाकायचा मोहही होतो. चूक खरोखरच सापडली असेल तर जरूर भरावं. नुसतं ढकलण्यासाठी भरलं तर आधीचं बाद होतं आणि आपण आपल्याच हाताने रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहतो.

रेंगाळणाऱ्या रिटर्नचं आणखी एक कारण अलीकडे फार दिसलं. प्रत्येक स्टेशनबाहेर "जास्त रिफंड काढून देतो" म्हणणारा एखादा असतोच. टक्केवारीवर काम करतो. तो करतो काय, तर न दिलेली देणगी, न भरलेलं घरभाडं, नसलेलं कर्ज दाखवतो. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने अशा बनावट वजावटी लावून देणाऱ्यांवर देशभरात कारवाई केली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये बऱ्याच करदात्यांना एसएमएस आणि ईमेल गेले: तुमच्या रिफंडच्या दाव्यात विसंगती दिसतेय, रिटर्न थांबवलंय, ३१ डिसेंबरपर्यंत स्वतःच दुरुस्त करा. आमच्या सोसायटीत दोघांना आले. एकाच्या सगळ्या पावत्या खऱ्या होत्या, तो निवांत राहिला. दुसरा माझ्याकडे आला तेव्हा त्याने कोणत्या पक्षाला देणगी दिली होती हे त्यालाच माहीत नव्हतं. त्याने रिटर्न सुधारलं, कर आणि व्याज भरलं. एजंटने टक्केवारी मात्र परत दिली नाही.

'रिफंड फेल्ड'

आता काकांकडे वळू. इथे जरा बसून बोलायला हवं, कारण सगळ्यांत जास्त माणसं इथे अडकतात, आणि सुटायला सगळ्यांत सोपी जागाही हीच.

काकांचं खातं ज्या बँकेत होतं ती काही वर्षांपूर्वी दुसऱ्या बँकेत विलीन झाली. १ एप्रिल २०१९ ला देना आणि विजया बँक, बँक ऑफ बडोदात गेल्या. १ एप्रिल २०२० ला ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये, सिंडिकेट कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये, अलाहाबाद इंडियन बँकेत. पाट्या बदलल्या, पासबुकं बदलली आणि शाखांचे आयएफएससी कोडही बदलले. काकांना नवं पासबुक मिळालं, पण पोर्टलवर वर्षानुवर्षं जुनाच कोड बसलेला. पैसे त्या पत्त्यावर गेले, पत्ताच राहिलेला नव्हता, परत आले.

करायचं काय? पोर्टलवर 'माय प्रोफाइल' मध्ये 'माय बँक अकाउंट' आहे. तिथे खातं नव्याने जोडायचं: खाते क्रमांक, नवा आयएफएससी, बचत की चालू. पोर्टल बँकेला विचारतं की हे खातं याच पॅनच्या माणसाचं आहे ना. बँकेने हो म्हटलं की 'व्हॅलिडेटेड' असं येतं. एवढ्याने थांबायचं नाही. त्याच ओळीत 'नॉमिनेट फॉर रिफंड' चं बटण असतं, ते चालू करायचं. मग 'सर्व्हिसेस' मध्ये 'रिफंड रीइश्यू' मध्ये जाऊन मागणी टाकायची, खातं निवडायचं आणि ओटीपीने सही करायची. हे न करता नुसतं खातं दुरुस्त करून बसलं तर अनेकदा काहीच होत नाही. पैसे आपणहून दुसऱ्यांदा निघत नाहीत, त्यांना बोलवावं लागतं.

बँक 'हो' म्हणत नाही याचं आपल्याकडचं हमखास कारण म्हणजे नाव. कळव्याच्या माझ्या वहिनी शिक्षिका. पॅन काढलं तेव्हा त्या कॉलेजात होत्या, म्हणून पॅनवर माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. बँकेचं खातं लग्नानंतरचं. तिथे नवऱ्याचं नाव मधे आणि सासरचं आडनाव शेवटी. लग्नात तांदळात नाव लिहून बदलताना हौस वाटते, पण पुढे वीस वर्षांनी ते कुठेकुठे बदलायचं राहिलंय हे असं कळतं. पोर्टलच्या दृष्टीने या दोन वेगवेगळ्या बायका. खातं 'फेल्ड' दाखवतं, कारणात नाव जुळत नाही असं लिहिलेलं असतं.

इलाज दोन. पॅनवर जे नाव आहे त्याच नावाचं दुसरं एखादं खातं असेल तर ते जोडावं. वहिनींचं माहेरच्या पतपेढीत होतं, पण पतपेढीचं खातं इथे कामाचं नाही. नाहीतर पॅनवरचं नाव दुरुस्त करून घ्यावं, विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत जोडून, आणि त्याबरोबर आधारही एकसारखं करावं. वहिनींनी दुसरा मार्ग धरला. महिना गेला, पण आता पुढच्या सगळ्या वर्षांची कटकट मिटली.

दोन-तीन वर्षांत ज्या खात्याला हातच लावलेला नाही, ते निष्क्रिय झालेलं असू शकतं. ते बँकेत जाऊन केवायसी देऊन जागं करावं लागतं. आणि पॅन-आधार जोडणी राहिली असेल तर आधी ते. १ जुलै २०२३ पासून न जोडलेलं पॅन निष्क्रिय धरतात. त्यावर रिफंड निघत नाही आणि तेवढ्या काळाचं व्याजही बुडतं.

इंटिमेशनचे दोन रकाने

'प्रोसेस्ड' म्हणतात, पण रिफंड कमी आला किंवा आलाच नाही, तर ईमेलमध्ये आलेलं इंटिमेशन उघडायचं. उघडायला पासवर्ड लागतो: पॅन लहान अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशी, मधे रेघ नाही. ही पीडीएफ बघून लोक दचकतात, कारण ती नोटिशीसारखी दिसते. तीत दोन रकाने असतात. डावीकडे आपण लिहिलेला आकडा, उजवीकडे खात्याने धरलेला. वरून खाली बोट फिरवत यायचं, आणि जिथे दोन आकडे वेगळे दिसतील तिथे थांबायचं. आजार तिथे आहे.

माझंच एक वर्ष असं गेलं. निवृत्तीनंतर एका छोट्या कंपनीचे हिशेब बघत होते. वर्षाचे साठ हजार मिळाले, दहा टक्के म्हणजे सहा हजार टीडीएस कापला. इंटिमेशनमध्ये टीडीएसच्या ओळीत डावीकडे ६,००० आणि उजवीकडे ०. तेव्हा २६एएस उघडलं. २६एएस म्हणजे आपल्या पॅनवर कुणीकुणी किती कर जमा केला याचं खात्याकडचं पासबुक. त्यात त्या कंपनीचं नावच नव्हतं. त्यांनी टीडीएस विवरणपत्रात माझ्या पॅनचं एक अक्षर चुकवलं होतं. माझे सहा हजार दुसऱ्याच कुणाच्या नावावर, किंवा कुणाच्याच नाही.

अशा वेळी सीपीसीला शिव्या घालून उपयोग नाही. त्यांच्याकडे पैशांची नोंदच नाही, ते देणार कशातून? ज्याने कापले त्यालाच दुरुस्तीचं विवरणपत्र भरावं लागतं. मी फोन केला, "करतो मॅडम" आलं. पुन्हा केला, "आमचा सीए बाहेरगावी आहे" आलं. तिसऱ्या वेळी फोन न करता पॅनकार्डची झेरॉक्स, त्यांनीच दिलेलं टीडीएसचं प्रमाणपत्र आणि इंटिमेशनचं ते पान, त्या ओळीला लाल पेनाने गोल करून, त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. पंधरा दिवसांत २६एएसमध्ये नोंद दिसली. मग पोर्टलवर कलम १५४ खाली दुरुस्तीची मागणी टाकली, त्यात 'रिटर्न पुन्हा प्रोसेस करा' हा पर्याय. यात काही नव्याने लिहायचं नसतं, फक्त पुन्हा ताडून बघा म्हणायचं असतं. तेव्हापासून मी रिटर्न भरायच्या आधीच २६एएस आणि एआयएस, म्हणजे आपल्या कमाईचा आणि व्यवहारांचा आयकर खात्याकडचा गोषवारा, दोन्ही उघडून बसते. मार्चच्या तिमाहीचं टीडीएस विवरण भरायची मुदत ३१ मे असते, म्हणून एप्रिलमध्येच रिटर्न भरायची घाई करणाऱ्यांना मी हाकलून देते.

दोन आकडे जुळतात आणि तरीही पैसे कमी, असंही होतं. तेव्हा कुठल्या तरी जुन्या वर्षाची थकबाकी त्यातून वळती करून घेतलेली असते. कलम २४५ तशी मुभा देतं, पण आधी कळवायला लागतं आणि उत्तराला २१ दिवस मिळतात. ते पत्र 'पेंडिंग अ‍ॅक्शन्स' मध्ये पडून असतं आणि आपण पासबुक छापत बसतो. उत्तर दिलं नाही की थकबाकी मान्य आहे असं धरून कापतात. मागणी चुकीची असेल तर तिथेच 'असहमत' निवडून कारण आणि चलनाचा पुरावा द्यावा. फार जुन्या किरकोळ मागण्या २०२४ च्या फेब्रुवारीतल्या अंतरिम अर्थसंकल्पात माफ झाल्या आहेत: २००९-१० या आर्थिक वर्षापर्यंतच्या २५ हजारांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ मधल्या १० हजारांपर्यंतच्या. त्यापैकी एखादी अजून दिसत असेल तर गप्प बसू नका.

तक्रार करायचीच असेल तर पोर्टलवरच 'ग्रीव्हन्सेस' मध्ये ई-निवारण आहे. तिथे रामायण लिहू नये. रिटर्नचा पंधरा आकडी पावती क्रमांक, व्हेरिफाय केल्याची तारीख, स्टेटसमध्ये आत्ता दिसणारे नेमके शब्द आणि आपल्याला काय हवंय, बस. फोनवर बोलायचं तर १८०० १०३ ००२५ हा त्यांचा टोल-फ्री क्रमांक.

आणि "तुमचा रिफंड मंजूर झालाय, खातं तपासायला इथे दाबा" असा मेसेज आला तर दाबू नका. २०२३ मध्ये १५,४९० रुपयांच्या रिफंडचा असाच एक मेसेज देशभर फिरत होता, शेवटी पीआयबी या केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाच्या फॅक्ट चेकला तो खोटा असल्याचं जाहीर करावं लागलं. वाट बघून थकलेला माणूस अशा मेसेजला पटकन भुलतो, हे चोरांना पक्कं माहीत असतं. आयकर खातं पिन, सीव्हीव्ही, पासवर्ड कधीच विचारत नाही. शंका आली तर लिंक सोडा, स्वतः पोर्टल उघडा.

उशिराचं व्याज

उशीर झाला तर सरकार व्याज देतं, कलम २४४ए खाली महिन्याला अर्धा टक्का, आणि महिन्याचा एक दिवस जरी लागला तरी पूर्ण महिना धरतात. रिटर्न मुदतीत भरलेलं असेल तर कापलेल्या टीडीएसवर हे व्याज १ एप्रिलपासून मोजतात. म्हणजे समजा २४,००० रिफंड आहे आणि तो २० नोव्हेंबरला निघाला, तर एप्रिल ते नोव्हेंबर आठ महिने, चार टक्के, ९६० रुपये. मुदतीनंतर भरलेलं असेल तर भरल्या दिवसापासून. आणि एकूण कराच्या दहा टक्क्यांपेक्षा रिफंड कमी असेल तर व्याज शून्य. एक लाख कर लागला आणि नऊ हजार परत यायचेत, तर नुसते नऊ हजारच येतील. त्यासाठी भांडू नका.

आपल्या चुकीने झालेल्या उशिराचं व्याज मात्र मिळत नाही. काकांचं रिटर्न ऑगस्टमध्ये निघालं, म्हणून एप्रिल ते ऑगस्ट पाच महिन्यांचे अडीच टक्के, ४६० रुपये मिळाले. पुढचे सोमवार बिनव्याजी.

खातं नव्याने जोडून रीइश्यू टाकल्यावर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात १८,८६० जमा झाले. काकांनी दारातच पेढा दिला. मी सांगितलं, "काका, हे ४६० पुढच्या रिटर्नमध्ये 'इतर उत्पन्न' म्हणून दाखवायचे हं. मूळ रिफंडवर कर नाही, पण व्याजावर आहे."

"यावरही टीडीएस कापला असेल?"

"नाही, रिफंडच्या व्याजावर कापत नाहीत. आणि ठेवींचं म्हणाल तर या वर्षी तुम्ही एप्रिलमध्येच बँकेत १५एच, म्हणजे 'मला कर लागत नाही, कापू नका' हा फॉर्म, दिलाय ना? म्हणजे तिथेही कापणार नाहीत. पुढच्या वर्षी रिफंडच नाही."

काका थोडा वेळ पेढ्याच्या बॉक्सकडे बघत राहिले. "मग वाट कसली बघायची?" म्हणाले.

पुढच्या सोमवारी सकाळी मी दूध घेऊन येत होते, तर ते पासबुक काखेत मारून बँकेकडे निघाले होते. सोळावा राहिला होता म्हणे.